खुर्चीमागचा कागद

तो कागद मीच तयार केला होता. ए-फोर आकाराचा, लॅमिनेट केलेला, वर ठळक अक्षरांत ‘ऐकण्याची पाच सूत्रं’. नजर द्या. मधे तोडू नका. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा. नुसतं हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न टाळा. शेवटी थोडक्यात सारांश करा. समुपदेशन केंद्रांवरच्या कार्यकर्त्यांना लोकांचं ऐकून कसं घ्यावं ते मी शिकवते. दोन दिवसांचं प्रशिक्षण संपताना प्रत्येक कार्यकर्तीच्या हातात एकेक प्रत ठेवली होती, आणि खरं सांगते, त्या लॅमिनेशनचं मला कौतुक होतं. झेरॉक्स लोक टाकून देतात, लॅमिनेट केलेलं टाकवत नाही.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्यातल्या एका केंद्रावर जाणं झालं. आत शिरले तर समोर भिंतीवर माझा कागद. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी, कुठे पोपडा नाही, धूळ नाही. मन भरून आलं. मग कार्यकर्ती येऊन बसली, तिच्यासमोर भेटायला आलेल्या एक बाई बसल्या, त्यांना विचारून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की कागद नेमका कुठे लावलाय. येणाऱ्या माणसाच्या खुर्चीमागे, डोक्याच्या दीड वीत वर. कार्यकर्तीची नजर दोन क्षण बाईंच्या चेहऱ्यावर, मग वर भिंतीवर, मग परत खाली. ‘नजर द्या’ हे वाचण्यासाठी ती बिचारी दर वेळी नजर काढून घेत होती.

बाई म्हणाल्या, “सहा महिने झाले, पोरगा घरात कुणाशी बोलत नाही.”

नजर वर गेली. सूत्र तिसरं. “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय, की मुलगा सहा महिने घरात कुणाशी बोलत नाहीये.”

“हो, तेच सांगितलं ना आत्ता,” बाई म्हणाल्या. चिडून नव्हे. समोरचीला कमी ऐकू येत असावं, अशा समजुतीच्या, जरा मोठ्या आवाजात.

पुढची वीस मिनिटं मी स्टुलावर बसून माझ्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं फळ पाहत होते. मुलगी मन लावून काम करत होती. तिने काहीच चुकवलं नाही. पाचही सूत्रं पाळली, ओळीने पाळली. तेवढ्यात बाईंनी एकदा, बोलता बोलता, “त्याचे वडील परत आल्यापासून” असं म्हटलं होतं. ते वाक्य तसंच जमिनीवर पडून राहिलं. ते उचलायला सूत्रांत जागा नव्हती.

घरी येऊन त्या प्रशिक्षणाची फाइल काढली. फीडबॅक फॉर्म सगळे जपून ठेवलेले. बहुतेकांनी पाचपैकी पाच दिले होते. ‘खूप छान’, ‘अतिशय उपयुक्त’, ‘असे सेशन पुन्हा व्हावे’. एकीने लिहिलं होतं, ‘ताईंचा आवाज खणखणीत आहे.’ त्या दिवशी मला तो एकच शेरा खरा वाटला.

आमच्या धंद्यात (धंदाच म्हणते, उगाच ‘क्षेत्र’ कशाला) डोनाल्ड कर्कपॅट्रिक हे नाव न घेता कुणी प्रस्ताव लिहीत नाही. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या एका मासिकात 1959 साली त्यांनी लेखमाला सुरू केली आणि प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना आवडलं का? ते काही शिकले का? कामावर गेल्यावर त्यांचं वागणं बदललं का? आणि ज्यासाठी हे सगळं केलं, ते शेवटी हाती लागलं का? साठहून अधिक वर्षं झाली. आम्ही पहिल्या पायरीवर बसलोय. फार तर प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट घेऊन दुसरीवर एक पाय टेकवतो. पहिली पायरी मोजायला पाच मिनिटं लागतात आणि ती मोजताना सगळे हसत असतात. तिसरीसाठी तीन महिन्यांनी स्टुलावर जाऊन बसावं लागतं, आणि त्या स्टुलाचा खर्च कुठल्याच बजेटमध्ये नसतो. पैसे देणाऱ्या फंडरला आकडा लागतो: इतके कार्यकर्ते प्रशिक्षित. ‘प्रशिक्षित’ म्हणजे हजेरीपत्रकावर सही केलेले. बॅनरखाली ग्रुप फोटो आला की काम फत्ते.

मी यात वरून बघणारी नाही, आतलीच आहे. ‘वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20 टक्के, स्वतः केलेलं 90 टक्के’ अशी एक स्लाइड असते ना, ती मी कित्येक वर्षं दाखवली. खाली एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचं नाव. नंतर कळलं की डेल यांनी 1946 मध्ये शिकण्याच्या अनुभवांचा जो शंकू काढला होता, त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले, आणि माझ्यासारख्यांनी ते हातोहात पुढे नेले. असे गोल गोल आकडे माणसाच्या स्मरणशक्तीत सापडतील कसे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. प्रशिक्षणार्थींनाही पडला नाही. पाचपैकी पाच.

खरे आकडे हवे असतील तर हर्मन एबिंगहाउस यांचे आहेत. या जर्मन माणसाने अर्थ नसलेले अक्षरसमूह स्वतःच पाठ केले, स्वतःच विसरला आणि 1885 मध्ये हिशोब छापला. एकदा पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायला बसलं, तर आदल्या दिवसाच्या मेहनतीतली जेमतेम एकतृतीयांश वाचायची, महिन्याने एकपंचमांशच्या आसपास. अर्थपूर्ण गोष्टी यापेक्षा बऱ्याच टिकतात, त्यामुळे हा आलेख उचलून प्रशिक्षणावर डकवणं बरोबर नाही. पण दुपारच्या जेवणानंतरच्या सेशनमध्ये आम्ही जे शिकवतो, त्यातलं बरंचसं समोरच्यांसाठी निरर्थक अक्षरसमूहांच्याच जवळ जाणारं असतं, ही शंका मला आहे.

त्या स्टुलावरच्या वीस मिनिटांनी मला एका जुन्या कामाकडे नेलं, जे मी तोवर नुसतं उल्लेखापुरतं वापरत होते. ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’, म्हणजे मन लावून, समजून घेत ऐकणं, हा शब्द रूढ झाला तो कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांच्या 1957 सालच्या एका पुस्तिकेमुळे. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं ही गोष्ट रॉजर्स यांच्या नावाशी इतकी घट्ट चिकटली, की तिची नक्कल हा विनोदाचा विषय झाला. रॉजर्स यांनाही ते टोचत असणार, कारण आयुष्याच्या शेवटी त्यांनी लिहून ठेवलं की आपण भावनांचं प्रतिबिंब वगैरे दाखवत नसतो. आपल्याला जे समजलं ते बरोबर आहे का, हे पडताळून पाहत असतो. दोन्हींत वाक्य एकच असू शकतं. फरक इतकाच, की पडताळणाऱ्या माणसाला उत्तर हवं असतं. माझ्या कार्यकर्तीला उत्तर नको होतं, तिला सूत्र पुरं करायचं होतं. आणि ते तिला मीच शिकवलं होतं, कारण वाक्य शिकवता येतं. उत्सुकता कशी शिकवायची? तिचं लॅमिनेशन होत नाही.

दारू सोडू पाहणाऱ्यांशी कसं बोलावं याची एक पद्धत विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडली, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. उपदेश करायचा नाही, बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून येऊ द्यायची. पुढे मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळेची झडती घेतली, आणि त्यासाठी मला हा माणूस आवडतो. प्रोबेशनचं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी दोन दिवस शिकवलं, आणि त्यांचं लोकांशी होणारं बोलणं आधी आणि नंतर टेप करून तपासलं. 2001 साली निष्कर्ष छापला. अधिकाऱ्यांचं स्वतःबद्दलचं मत खूप सुधारलं होतं. आपल्याला हे आता जमतं, असं ते लिहून देत होते. टेपवर फरक होता, पण थोडका. जुन्या सवयी फारशा गेल्या नव्हत्या, आणि समोर बसलेल्या माणसांच्या बोलण्यात तर काहीच हललं नव्हतं. थोडक्यात, माझी फाइल. तीन वर्षांनी त्यांनी दुसरा, मोठा अभ्यास केला. काहींना नुसती कार्यशाळा, काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्याच टेपवर लेखी अभिप्राय, काहींना फोनवरून मार्गदर्शन, काहींना दोन्ही. कार्यशाळेने आलेलं कसब टिकलं ते ज्यांच्यामागे नंतरही कुणीतरी राहिलं त्यांच्यात.

हे वाचल्यावर मी एक धाडस केलं. स्वतःचंच सेशन टेप केलं. फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना सांगितलं की माझं बोलणं तपासायला टेप करतेय, आणि विषय नेहमीचाच घेतला. सूत्र दुसरं, मधे तोडू नका. रात्री दार लावून ऐकलं. चाळीस मिनिटांत मी प्रशिक्षणार्थींना अकरा वेळा मधे तोडलं होतं. अकरा! एकदा तर एक दादा सांगत होते की त्यांच्या केंद्रावर येणारी म्हातारी माणसं बोलताना फार वेळ थांबतात, तेव्हा काय करावं कळत नाही, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा खणखणीत आवाज येतो, “बरोबर! म्हणूनच आपण काय शिकलो? मधे…” आणि सगळा वर्ग एका सुरात, “…तोडू नका!” दादांचा प्रश्न तिथेच संपला. टेपवर नंतर टाळ्या आहेत.

स्वतःचा आवाज ऐकणं ही गोष्ट या कामात आणखी एकदा येते, वेगळ्या वाटेने. ‘बर्नआउट’, म्हणजे कामाने माणूस आतून पार संपून जाणं, हा शब्द आज सगळीकडे फिरतो, पण 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी तो नियतकालिकात मांडला तो बँकेतल्या किंवा कारखान्यातल्या माणसांबद्दल नव्हता. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांबद्दल होता. आपल्याच बिरादरीबद्दल. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून फ्रॉइडेनबर्गर संध्याकाळी तिथे जायचे, रात्री उशिरापर्यंत थांबायचे. आधी झपाटून काम करणारी माणसं काही महिन्यांत चिडचिडी, संशयी, दगडासारखी का होतात, हे ते बघत होते आणि त्यांच्यात ते स्वतःही होते. म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर लावून स्वतःशी बोलून बघितलं, मग परका माणूस ऐकतो तसं ते परत ऐकलं. थकवा होताच. त्याखाली राग निघाला.

आमच्याकडे राग या विषयावर सेशन नसतं. ‘ताणाचं व्यवस्थापन’ असतं. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, एका शांत जागेची कल्पना करा. एकदा असंच डोळे मिटून बसलेल्या खोलीत मागून आवाज आला, “ताई, शांत जागा दिसतेय, पण तिथेही माझा फोन वाजतोय.” सगळे हसले, मीही हसले, आणि पुढच्या स्लाइडकडे गेले. त्या बाईंकडे दोन माणसांचं काम होतं. सोडून गेलेल्या सहकाऱ्याची जागा भरली नव्हती. मला हे माहीत होतं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तीना मॅस्लॅक यांनी 1981 मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासोबत बर्नआउट मोजायची प्रश्नावली दिली, आणि तेव्हापासून त्या परोपरीने सांगताहेत की दोष माणसात शोधू नका, कामाच्या रचनेत शोधा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या, आवरता न आलेल्या ताणाशी बांधलेली गोष्ट, अशी केली. मग रिकामी जागा भरण्याऐवजी मला बोलावून श्वास शिकवायला लावणं, याला काय म्हणावं? मी ते काम घेतलं होतं. आता घेत नाही. निदान आधी विचारते, की जागा किती रिकाम्या आहेत.

ज्या कौशल्यावर मी आता सगळ्यात जास्त वेळ घालवते, ते कुणाला ‘कौशल्य’ वाटतच नाही. नोंद लिहिणं. संस्थांच्या केस फाइली उघडून बघा. ‘सदर महिला केंद्रात आली. समस्या सांगितली. समुपदेशन केले. समाधान झाले.’ चार वाक्यं, चारही क्रियापदं बंद दारासारखी. यातून उद्या दुसऱ्या कार्यकर्तीला काय कळणार? ‘घरातील वातावरण तणावपूर्ण’ हे तर आमच्या क्षेत्राचं राष्ट्रगीतच.

एका लहान गटात मी असंच एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ज्या मुलीचं ते होतं तिला विचारलं, “तणाव दिसतो कसा? तू काय बघितलंस?”

“म्हणजे… जाणवत होतं.”

“कशावरून?”

ती जरा विचारात पडली. “दार उघडलं त्या मुलीने, पण पूर्ण नाही उघडलं. अर्धं.”

“आणि?”

“बोलताना दर वाक्याआधी मागे बघत होती.”

“मागे कोण होतं?”

“दिसलं नाही. टीव्ही चालू होता. मी नाव विचारल्यावर टीव्हीचा आवाज बंद झाला.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. ती मुलगी स्वतःच फळ्यापाशी गेली, ‘तणावपूर्ण’ पुसलं आणि लिहिलं: ‘दार अर्धं उघडलं. दर वाक्याआधी मागे बघत होती. मी नाव विचारलं तेव्हा आतला टीव्ही बंद झाला.’ शब्द वाढले. पण ही नोंद वाचून जाणारी पुढची कार्यकर्ती दारात उभी राहून मोठ्याने नाव विचारणार नाही.

नोंदीत ‘बघितलं’ आणि ‘वाटलं’ वेगळं ठेवायचं. वाटलेलं खोडायचं नाही, वाटण्यालाही किंमत आहे, पण त्याची ओळ वेगळी. हे एवढंसं तंत्र अंगी यायला मला दिसतं त्याप्रमाणे सहा-सात महिने जातात, आणि तेही दर आठवड्याला कुणी दोन नोंदी सोबत बसून वाचल्या तर. समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली तेव्हाही असाच काहीसा प्रश्न होता. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी 1897 मध्ये धर्मादाय कामाच्या एका परिषदेत प्रशिक्षणशाळेची मागणी केली, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. मन चांगलं असेल तर शिकायचं काय त्यात, हा आक्षेप आजही प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत एकजण तरी घेतोच. रिचमंड यांनी पुढे नोंदी, पुरावे, अनुमान यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. चांगल्या मनाच्या माणसाने ‘समाधान झाले’ असं लिहून ठेवलं की काय घोटाळे होतात, हे त्यांनी जवळून बघितलं असणार.

आणि तरी फॉर्मबद्दल मी फार तावातावाने बोलू लागले की मला मनोविश्लेषक इसाबेल मेन्झीस आठवतात. लंडनच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा त्यांचा अभ्यास 1960 साली आला. तिथे झोपलेल्या रुग्णाला झोपेची गोळी देण्यासाठी उठवलं जायचं, आणि रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाट क्रमांक आणि बिघडलेला अवयव असा व्हायचा. मेन्झीस यांनी याला निष्काळजीपणा म्हटलं नाही. रोज इतकं दुःख इतक्या जवळून बघायचं तर माणसाला आडोसा लागतो, आणि ती कामाची पद्धत हाच तो आडोसा, असं त्या म्हणाल्या. म्हणून ‘समाधान झाले’ वाचलं की आता मी लगेच लाल पेन काढत नाही. हे लिहिणारीने त्या दिवशी काय ऐकलं असेल, ते आधी विचारते. कधी कधी उत्तर अर्धा तास चालतं. आडोसा काढून घ्यायचा असेल तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. नुसता सुधारित फॉर्म देऊन भागत नाही.

रेफरलचंही, म्हणजे माणसाला पुढच्या मदतीच्या ठिकाणी पाठवण्याचंही, असंच. मानसिक प्रथमोपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तीन गोष्टी आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. पहिल्या दोन आम्ही हौसेने शिकवतो, रोल प्ले करतो, माणसं रडतात, छान होतं. तिसरी म्हणजे पत्त्यांची यादी. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला की रजिस्टरात ‘रेफर केले’. माणूस पोचला का? पोचल्यावर खिडकीवरच्याने काय सांगितलं? एखादं कागदपत्र नाही म्हणून परत पाठवलं का? जोडून देणं म्हणजे त्या माणसादेखत फोन लावणं, पलीकडच्याचं नाव विचारून घेणं, ते नाव चिठ्ठीवर लिहिणं, आणि चार दिवसांनी परत फोन करणं. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. करायला रोजचा एक तास लागतो, आणि तो तास कुणाच्या कामाच्या यादीत लिहिलेला नाही.

आता मी प्रशिक्षण घेते तेव्हा एक अट घालते. दोन दिवसांचं दीड दिवस करा, उरलेला अर्धा दिवस मला नंतर द्या, तुकड्या-तुकड्यांनी, केंद्रावर, स्टुलावर. निम्म्या संस्था नाही म्हणतात. काहींना भीती वाटते की मी तपासायला येतेय. ती भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून सुरुवातीला मी माझी टेप ऐकवते. अकरा वेळा तोडलेली. लोक मोजतात आणि फार खूश होतात. एका केंद्रावर तर बारावी जागा सापडली, जी माझ्या नजरेतून सुटली होती.

परवा पुन्हा त्याच केंद्रावर होते. कागद भिंतीवर नाही. मीच काढायला सांगितला होता. चिकटपट्टीने रंग निघालाय, चार फिकट कोपरे दिसतात. तीच कार्यकर्ती. एक आजोबा हातात फॉर्म घेऊन आले, बसले, फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून गप्प राहिले. मला स्टुलावर चुळबुळ होऊ लागली. सांगावंसं वाटत होतं, विचार त्यांना, फॉर्म कशाचा आहे. ती काही बोलली नाही. तिने पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी दार आपटलं, पंखा फिरत राहिला, आजोबांनी फॉर्मची घडी घातली, उघडली, परत घातली. मग त्यांनी बायकोबद्दल बोलायला सुरुवात केली. मधे बऱ्याचदा थांबले. ती थांबली. एकदाच म्हणाली, “कोणता महिना होता तो?” आणि आजोबांनी जे सांगितलं ते त्यांच्यापाशीच राहू दे.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. “ताई, मी काहीच केलं नाही. फॉर्म पण भरायचा राहिला. चालतं का असं?”

मी काय बघितलं ते सांगितलं. पेन खाली ठेवलंस ते. महिना विचारलास ते. ती ऐकत होती आणि विश्वास ठेवत नव्हती. मग तिने रजिस्टर ओढलं आणि लिहायला बसली. मी उलट्या बाजूने वाचत होते.

‘आजोबा फॉर्म घेऊन आले. फॉर्मबद्दल बोलले नाहीत. पत्नीबद्दल बोलले. फॉर्मची घडी चार-पाच वेळा घातली. उठताना म्हणाले, मंगळवारी येतो. (मी बोलावलं नव्हतं.)’

पुढचा रकाना होता ‘समस्येचा प्रकार’. तिने त्यात काही लिहिलं नाही. संध्याकाळी समन्वयकांचा तिला फोन आला, की एक रकाना रिकामा दिसतोय.

“मंगळवारी भरते,” ती म्हणाली.